कोंबडा की कोंबडी?

"वैनी, खय आसस गो? वायच गडग्यार ये. माझे हात तेलाचे आसत, माका हलाक जमाचा नाय."

माईंची हाक आली की माझ्या गॅसवर काय आहे याला किंमत नसते. मी गॅस बारीक केला आणि परसात गेले.

आमच्या आणि माईंच्या परसांमध्ये गडगा आहे. चुना नाही, सिमेंट नाही, जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचलेले. मी लग्न होऊन कोल्हापूरहून शिरोड्याला आले तेव्हा तो सगळीकडे सारखा, माझ्या खांद्याला लागणारा होता. आता एका जागी तो कमरेपर्यंत खाली आलाय. पावसानं नव्हे, आम्हा दोघींच्या कोपरांनी. गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे आमच्या घरात त्या खळग्याला 'तपासणी नाका' म्हणतात. या परसातली बातमी त्या परसात जायची तर आधी इथे थांबणार, उघडून बघितली जाणार, मगच पुढे सुटणार.

नाक्यावर पोचले तर पलीकडे माई पाटावर बसलेल्या. पुढ्यात घमेलं, घमेल्यात करवंदं. थोडी काळी, बरीचशी लाल, काही अजून हिरवी. चीक चिकटू नये म्हणून हातांना कोपरापर्यंत खोबरेल. शेजारी मुंबईहून आलेला नातू उकिडवा बसून एकेक काळं करवंद दातांनी अर्धं तोडत होता. तोडण्याआधी ओरडायचं, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. त्याची आई ओसरीवरून मोबाइलमध्ये बघत उत्तर द्यायची आणि दर वेळी हरायची.

"लोणचं ना?" मी म्हटलं. "दोन बरण्या भरल्या की तुमच्या."

"लोणचा झाला. ह्या लोणचा न्हय." माईंनी आवाज खाली आणला. आजूबाजूला ऐकायला माडांशिवाय परकं कुणी नव्हतं. "सॉस करतंय. क्रानबेरी."

आता ही गजाल समजायला गेल्या नोव्हेंबरात जायला हवं. त्या रात्री मी माईंच्याच स्वयंपाकघरात होते. अळूची भाजी द्यायला गेले आणि तिथेच अडकले, कारण समोर मोबाइल तांब्याला टेकवून उभा केलेला आणि त्यात माईंची मुलगी. ती न्यू जर्सीत असते, एडिसनला. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिच्याकडे सकाळचे दहा. दिवस गुरुवारचा, नोव्हेंबरातला चौथा. त्या दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच जेवणावळ तिच्या घरी होती. नवऱ्याच्या ऑफिसातले चारजण, वर दोन मराठी कुटुंबं.

"आये, ह्यां बघ," म्हणून तिनं मोबाइल फिरवला. परातीएवढ्या ट्रेमध्ये एक पक्षी उताणा पडलेला. साडेपाच किलोचा टर्की.

"ह्यो कोंबो काय मोर?" माईंनी विचारलं. मग बारकाईनं पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "आणि गो, वाटप खय?"

"वाटप नाय घालीत, आये. नुसतो भाजतत."

"खोबरां नाय?"

"नाय."

"मगे तेका चव कसली?"

"म्हणानच ह्यां," असं म्हणत मुलीनं काचेचं भांडं पुढे धरलं. भांड्यात लालचुटुक गोल फळं. माई मोबाइलवर इतक्या वाकल्या की तांब्या कलंडला.

"आगो, ही तर करवंदां!"

त्या रात्री करवंदांची नक्कल करणारं ते फळ माईंनी इथून शिजवलं. तिथे तीनशे चाळीस ग्रॅमची पिशवी मिळते, म्हणे. पिशवीभर फळं, एक कप साखर, एक कप पाणी. दहा मिनिटं. एवढंच. पण मुलगी घाबरलेली, कारण एक फळ तिनं कच्चंच चाखलं होतं आणि आंबटाबरोबर कडूही लागलं होतं. तेवढ्यात भांड्यातून आवाज यायला लागले, फट्, फट्, फट्.

"मोहरी तडतडता काय गो? झाकण घाल!"

"मोहरी नाय, आये. फळांच फुटतत."

क्रॅनबेरीच्या पोटात हवेच्या पोकळ्या असतात. उष्णता लागली की साल तडकते. सगळी फुटली की लाल रस दाटायला लागतो. माईंनी इथून सांगितलं, दालचिनीचा तुकडा टाक, मिठाची चिमूट टाक. मुलीनं टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की वाडगा चाटूनपुसून स्वच्छ झाला. आलेल्या मराठी बाईनं तर दोन पिशव्यांचं लोणचंच घालून आणलं होतं. मोहरी, मेथी, हिंग, तिखट, वरून फोडणी. तिकडच्या आपल्या घरांतून ही गोष्ट जुनी आहे. नोव्हेंबर आला, लाल फळं दुकानात आली की बाया लोणच्याच्या मागे लागतात. कैरीची आठवण कुठल्या तरी आंबटावर भागवायची असते.

त्या रात्रीपासून माईंच्या मनात एकच ठरलं होतं. आपली करवंदं अमेरिकेनं नेली. आज गडग्यावरही त्यांनी तेच ऐकवलं.

"वहिनी, कोणी काही नेलं नाही," पडवीतून तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माईंचे धाकटे दीर. हायस्कुलातून निवृत्त झालेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. फक्त वर्ग आता गडग्याच्या या बाजूला असतो. "करवंद हे कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातलं. तोडलं की चीक येतो तो त्यामुळे. क्रॅनबेरीला चीक नाही, ती ब्लूबेरीच्या कुळातली. नातं काही नाही."

"नाता नसूनय तोंड सारख्या आसता कोणाकोणाचा," माई म्हणाल्या. "खालच्या वाडीतल्या त्या दोघांचा बघा."

त्या दोघांची गजाल वेगळी. ती मी इथे उघडणार नाही. नाक्यावर जप्त झालेला माल आहे तो.

तात्यांना मात्र विषय सापडला होता. गेल्या नोव्हेंबरपासून त्यांनी या फळाचा अभ्यासच केलाय. ते सांगायला लागले. क्रॅनबेरी दलदलीत होते. आंबट माती, वाळूचे आणि कुजलेल्या पाल्याचे थर. दुसरं पीक तिथे नीट उभंसुद्धा राहत नाही. शेताला सगळीकडून बांध. काढणीच्या वेळेला, सप्टेंबर ते नोव्हेंबरात, बांध अडवून आत पाणी सोडतात, वेली घुसळतात आणि फळं सुटून वर तरंगतात. पोटातली हवा तिथे कामाला येते. मग तो लाल तवंग एका कोपऱ्यात ओढून घ्यायचा.

"म्हंजे मिठागरासारखे कुणगे," माई म्हणाल्या.

तात्या गप्प झाले. मास्तरला न सुचलेलं उत्तर विद्यार्थ्यानं दिलं की होतात तसे. शिरोड्याच्या माणसाला बांध घातलेले चौकोन दिसले की मिठागरंच आठवणार. फरक एवढाच की तिकडे पाणी भरून फळ वर आणतात, इकडे पाणी आटवून मीठ खाली बसवतात.

"आणि फळ चांगलं की वाईट कसं ओळखतात माहीत आहे?" तात्यांनी पुन्हा खडू हातात घेतला. "उडवून. चांगलं क्रॅनबेरी चेंडूसारखं उसळी मारतं. न्यू जर्सीत एक लाकडी पायाचा शेतकरी होता, असं सांगतात. त्याला फळांची टोपली घेऊन माळ्यावरून उतरणं जमायचं नाही, म्हणून तो टोपली जिन्यावरूनच ओतायचा. चांगली फळं उड्या मारत खाली, नासकी वरच्या पायऱ्यांवर. पुढे त्यावरूनच निवडायची यंत्रं झाली."

नातवानं लगेच एक करवंद जमिनीवर आपटलं. ते फुटलं. आत लाल होतं.

"कोंबडा!" तो ओरडला.

"सॉस कोणी काढलो पयलो?" मी मुद्दाम मालवणीत विचारलं. माझं मालवणी ऐकून माई हसतात. मला ते हसू आवडतं.

फळ तिथल्या मूळ लोकांचंच, तात्या म्हणाले. सुकवलेलं मांस कुटून त्यात चरबी आणि हे आंबट फळ घालून ते टिकाऊ शिदोरी करायचे. आपण सुकटीत आमसूल घालतो, विचार तोच. टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा सॉस वाढावा हे १७९६ साली छापलेल्या एका अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात आहे. मग मॅसॅच्युसेट्समध्ये मार्कस युरॅन नावाचा एक माणूस वकिली सोडून क्रॅनबेरीच्या शेतीत पडला आणि १९१२ साली त्यानं सॉस डब्यात भरून विकायला काढला. पाच वर्षांनी, १९१७ साली, न्यू जर्सीत एलिझाबेथ ली या बाईनं टाकून द्यायची, मार लागलेली फळं उकळून बघितली, चव आवडली आणि तिनंही धंदा सुरू केला. १९३० साली ही मंडळी एकत्र आली आणि शेतकऱ्यांचीच एक सहकारी संस्था झाली.

"१९३० साली?" मी म्हटलं.

"तेच साल," तात्या म्हणाले आणि त्यांनी समुद्राच्या बाजूला मान केली. १९३०च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरात सत्याग्रह झाला. इथल्या माणसाला ते साल सांगावं लागत नाही. "त्यांनी फळ डब्यात भरलं, आपण मीठ मुठीत घेतलं."

"आणि मारय खाल्लो," माई म्हणाल्या. हात मात्र थांबले नव्हते. देठ काढायचा, करवंद मिठाच्या पाण्यात टाकायचं, हाताला तेल लावायचं, पुढचं करवंद.

मग थोडी वाईट बातमीही आली, कारण नाक्यावर नुसत्या चांगल्या बातमीला कोण विचारतो? १९५९ साली ऐन थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर तिकडच्या सरकारनंच सांगितलं की काही क्रॅनबेरींत तणनाशकाचा अंश सापडलाय. झालं, सणाच्या आठवड्यात लोकांनी ते लाल फळ घेणंच सोडलं. गणपतीच्या तोंडावर कुणी नारळाबद्दल असं काही उठवलं तर कोकणात काय होईल, ते मनात आणून बघा.

"आमच्या करवंदार कोण फवारतलो?" माई म्हणाल्या. "काटे बघून शेळी पण इचार करता."

"तेच तर," तात्या म्हणाले. "आपल्याला फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं मोठ्या फळाची जात काढलीय करवंदाची. कोकण बोल्ड."

"बोल्ड?" माईंनी पदर सावरला. "करवंद?"

त्यानंतर बराच वेळ कुणालाच काही बोलता आलं नाही. ओसरीवरची सूनसुद्धा मोबाइल खाली ठेवून हसली.

हसू ओसरल्यावर माई जे म्हणाल्या ते मी त्या दिवसापासून मनात धरून आहे. म्हणाल्या, "बरी जमीन भाताक जाता, वायट जमीन करवंदाक. तेंच्याकडेय तसांच. खय काय पिकणा नाय, थय आंबट पिकता. आणि सणाच्या पानात तेचाच काम पडता." रेडीच्या बाजूच्या सड्यावर उभं राहिलं की हे दिसतं. नुसता कातळ, गवतसुद्धा पावसापुरतं. पण मे महिन्यात त्याच कातळाच्या भेगांतून जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात. डोंगराची काळी मैना म्हणून ओरडत बाया पानांच्या द्रोणांत करवंदं विकतात. त्यासाठी ना खत लागतं, ना कोणी पाणी घालतं. तिकडच्या दलदलीची आणि आमच्या सड्याची खरी सोयरीक ही. तात्यांच्या कुळगोत्रात ती सापडणार नाही.

एवढ्यात गडग्याच्या तिसऱ्या कोपऱ्यावर केकवाली मावशी आली. ती चर्चच्या वाटेवर राहते आणि नाताळात घरी केक करून देते. तिच्या केकची ऑर्डर आम्ही गणपती बोळवल्या दिवसापासून लावतो. तिला सॉसचं कळलं होतं. कसं, ते विचारू नका. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"करवंदांचा काय तरी करतस म्हणे," तिनं माईंना विचारलं. मग आमच्याकडे वळून एक पाकीट दाखवलं. केकवर लावायच्या लाल चेऱ्या. साखरेत घोळलेल्या, काचेसारख्या चमकणाऱ्या. "मी वीस वर्सां ह्यो चेऱ्यो घालतंय केकात. काल चाळशी नवी आणलंय, तर वाचूक गावला. मागे बघ."

पाकिटाच्या मागे, घटकांच्या यादीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, करोंदा.

पाकीट या हातातून त्या हातात फिरलं. तात्यांनी वाचलं, मी वाचलं, सुनेनं मोबाइलवर मोठं करून वाचलं. ही गोष्ट तशी गुप्त नाही. आपल्याकडे केकवर, आइस्क्रीमवर मिळणारी बहुतेक 'चेरी' म्हणजे करवंदच. कच्चं तोडायचं, बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचा आंबटपणा आणि रंग घालवायचा, मग लाल रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात मुरवायचं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, तसलाच प्रकार.

पण माईंना हे नवीन होतं. त्या पाकिटाकडे अशा बघत राहिल्या की जणू पळून गेलेला कुणी घरचाच माणूस त्यात सापडलाय.

"म्हंजे हयसून गेला," त्या सावकाश म्हणाल्या, "आपलो रंग सोडल्यान, आपली चव सोडल्यान, नाव बदलल्यान, आणि मगे आमच्याच केकार येऊन बसला. ऐटीत."

"मुंबैक गेल्यार होताच तसा," मावशी म्हणाली. ओसरीवरच्या सुनेनं मान वर केली, पण बोलली नाही.

नाव बारीक अक्षरांत लपलेलं असणं हे माईंच्या जिव्हारी लागलं होतं. पाकीट परत देताना त्यांनी ते उलटं करून दिलं, मागची बाजू वर.

सॉस त्या दुपारी झाला. आणि बिघडला.

माईंनी तो मुरंब्यासारखा केला, घट्ट होईपर्यंत. एक किलो करवंदं, तीन वाट्या पाणी, मऊ शिजवली, चाळणीतून घासून बिया आणि सालं काढली. इथवर सुरेख. रंग असा की माझ्या पैठणीला लाज वाटावी. मग साखर घातली आणि त्या ढवळत बसल्या. पातळ दिसतोय म्हणून आणखी आटवला. अजून पातळ दिसतोय म्हणून आणखी. चुलीवरून उतरवून निवत ठेवला आणि तासाभरानं बघितलं तर उलथनं मधोमध ताठ उभं. हलेना. नातवानं दोन्ही हातांनी ओढलं तर पातेलं बरोबर वर आलं.

त्यावर मुलीशी बोलणं झालं. तिचा सल्ला असा की आई, हे फळ स्वतःच घट्ट होतं, त्याला आटवायचं नसतं. करवंदात आणि क्रॅनबेरीत दोन्हीत पेक्टिन भरपूर. आंबटपणा, साखर आणि पेक्टिन एकत्र आले की निवल्यावर ते आपोआप धरतं. विस्तवावर पातळ दिसतो तेव्हाच थांबायचं. खूण अशी की थंड बशीवर थेंब टाकायचा, बशी वाकडी करायची. थेंब पाण्यासारखा पळाला तर अजून थोडा शिजवायचा, सुस्तावल्यासारखा खाली सरकला तर पुरे.

दुसऱ्या दिवशी दुसरा घाणा. या वेळी मी पलीकडे जाऊनच बसले. करवंदं निवडतानाच माईंनी फरक केला. लाल दोन वाटे, काळी एक वाटा. काळ्यांत गोडी आणि रंग, पण धरून ठेवायची ताकद लालांत. हिरवी नाहीत, चीक फार. पातेलं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला आंबट खातं. फळं आधी नुसत्या पाण्यात शिजवली, गर काढला, आणि दोन वाट्या गराला दीड वाटी साखर. परसातल्या दालचिनीचं एक पान, चार मिरी ठेचून, मिठाची चिमूट. मीठ दुकानातलं पांढरंशुभ्र नव्हे, मिठागराचं, जाडं, थोडं करडं.

तिरफळ घालायचं का, यावर दहा मिनिटं वाद झाला. माई म्हणाल्या घालूया, मी म्हटलं हा बांगडा नव्हे. माझं ऐकलं. चोवीस वर्षांत हे दुसऱ्यांदा घडलं.

सात-आठ मिनिटांत थेंब बशीवर सुस्तावला. माईंनी पातेलं खाली घेतलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. मी वाट बघत राहिले.

"आंबट आसा," त्या म्हणाल्या. "पण भांडूक येणा नाय."

शनिवारी रात्री जेवण होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून, नातू मुंबईला निघणार. सावंतवाडीहून गाडीची तिकिटं दोन महिन्यांपूर्वीच काढलेली. मृग तोंडावर, हवा दमट, मुंबईत शाळा उघडायच्या बेतात. चाकरमान्यांच्या निघायच्या आदल्या रात्री कोकणातल्या घरात जे जेवण होतं ते सणाचंच असतं, पंचांगात नसलं तरी. कोंबडी-वडे, सोलकढी, भात. आम्हालाही बोलावणं होतं. केकवाली मावशीही आली होती, तिला निकाल हवा होता.

माईंनी ताटात कोंबडीचा रस्सा वाढला, वडे वाढले, आणि डावीकडे, जिथे लोणचं असतं तिथे, चमचाभर लाल सॉस. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत पहिला घास घेतला.

खोटं कशाला सांगू? रश्श्याबरोबर तो चालला नाही. भाजलेलं खोबरं, धणे, मिरी, लवंग यांनी आधीच तोंड भरलेलं, त्यात हा गोड-आंबट पाहुणा आला आणि त्याला बसायला जागाच मिळेना. मुलानं भिडेखातर "मस्त" म्हटलं. तात्यांनी तो ताटाच्या कडेला सरकवला, मुंबईच्या पाहुण्याला अंथरूण दाखवावं तसा. नातवानं मात्र वडा सॉसमध्ये बुडवला, मग दुसरा, मग तिसरा. रस्सा त्यानं पाहिलाच नाही.

"आजी, हा कोंबडा की कोंबडी?" त्यानं लाल बोट वर करून विचारलं.

"चाळणीतसून गेल्यार कोण सांगतलो?" माई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्या सोलकढीच्या वाटीकडे बघत होत्या. मोठ्या माणसांनी वाट्या उचलल्या होत्या. गुलाबी कढीचा घोट, त्यावर कोथिंबिरीचं पान. रस्सा, वडा, परत घोट.

"वैनी," त्यांनी मला कोपरानं ढोसलं. गडगा नसला तरी कोपर लागतंच. "आमचो सॉस हो बघ. वाटयेत."

आणि ते खरंच होतं. तिकडे पक्षी कोरडा भाजतात, त्याला वाटप नसतं. म्हणून त्याच्या शेजारी काहीतरी लाल, आंबट, ओलं लागतं. आमच्या कोंबडीचा रस तिच्या अंगातच असतो. म्हणून आमचं लाल आंबट ताटात न बसता वाटीत बसलं. काम तेच, जड जेवणाला खाली उतरवायचं. ते रातांब्यानं कधीच उचललंय, करवंदाला ती जागा रिकामी नव्हती.

"मगे फुकट गेला काय सगळा?" मावशीनं विचारलं.

"फुकट कित्या?" माई म्हणाल्या. "रश्श्याक नको, वड्याक बरो. घावन्याक बरो. आणि तुझ्या नाताळातल्या त्या डुकराच्या भाजल्या मांसाक एकदम बरो आसतलो. तेका तरी वाटप खय आसता?"

मावशीनं वड्याच्या कडेनं एक थेंब घेतला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दोन बाटल्यो ठेव."

रविवारी सकाळी गाडीची वेळ होईपर्यंत घरात धावपळ होती. फणसाची साठं, कुळथाचं पीठ, सुकी सुरमई, आणि वर कोकम आगळाच्या बाटल्या. नातू निघताना रडला, मग रिक्षात बसायच्या आधी त्यानं खिशातून एक करवंद काढून माईंच्या हातात दिलं. "आजी, हे तू तोड. मी नंतर फोनवर विचारतो काय निघालं."

रिक्षा वळली आणि परस एकदम मोठं झालं. दुपारी हाक आली. नाक्यावर गेले तर गडग्याच्या चिऱ्यावर सहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या. बाटल्या पाण्यात उकळून घेतलेल्या, वर सॉस गळ्यापर्यंत, उन्हात लालभडक. शेजारी वहीचा कागद, कात्री, खळ आणि पेन.

"तुझा अक्षर बरा आसा," माई म्हणाल्या. "दोन मावशेक नाताळाक, एक तुका, दोन घराक. आणि एक चेडवाक. ती डिसेंबरात येतली, तेवा हयच खाईत."

"काय लिहू?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. नातवानं दिलेलं करवंद अजून त्यांच्या मुठीत होतं, न तोडलेलं. मला वाटलं होतं त्या क्रॅनबेरी म्हणतील. आठवडाभर त्यांनी तोच शब्द वापरला होता.

"करवंद लिही," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरांत. लांबसून वाचूक येवक व्हया."

मी लिहिलं. चिठ्ठीभर.

"आता खाली लिही, क्रानबेरी," माई म्हणाल्या, आणि पाकिटाच्या मागे असतात तशी बोटांनी चिमूट दाखवली. "एकदम बारीक."